आकड्यांचा चौरस आणि पुठ्ठ्याचा चतुष्फलक
(तृतीय वर्ष कला, गणित)

आमच्या महाविद्यालयात गणित हा विषय कला शाखेलाही घेता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. "बी. ए.ला आहे" असे सांगितले की समोरून "मराठी की इतिहास?" असा प्रश्न येतो, आणि "गणित" असे उत्तर दिले की विचारणारा क्षणभर गप्प होतो. मग बहुधा "अरे वा!" म्हणून विषय बदलतो. याची मला आता सवय झाली आहे. परंतु गेल्या वर्षी वसतिगृहातील माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने जो प्रश्न विचारला, त्याची सवय काही अद्याप झालेली नाही. ती तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. पानभर आकडेमोड करून "आलं एकदाचं!" म्हणत मी वही मिटली, तेव्हा ती म्हणाली, "तुमचं बरं असतं गं. दोन्हीकडचे आकडे जुळले की झालं. पण जुळणं म्हणजे समजणं का?"

मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

त्याच सुमारास आमच्या सरांनी ग्रूप थिअरीच्या तासाला सममितीचा विषय काढला होता. एखाद्या वस्तूत असा बदल करावा की बदलानंतरही ती पूर्वीसारखीच राहावी. अशा प्रत्येक बदलाला त्या वस्तूची सममिती म्हणतात. रांगोळीतील चौकोनी ठिपक्यांची आकृती पाव वळसा फिरवली तरी तशीच दिसते, तो असाच एक बदल. चौरसाच्या सममिती आठ, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात मोजले. तास संपता संपता सर म्हणाले, "पदार्थविज्ञानात एक वस्तू अशी आहे, की तिच्या सममिती बाराच आहेत असे सगळे धरून चालले होते. त्या निघाल्या बहात्तर!" एवढे बोलून सर निघून गेले. बाराच्या बहात्तर कशा झाल्या, हे शोधण्यात माझी दिवाळीची सुटी गेली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते. बेरीज, वजाबाकी आणि अपूर्णांक एवढे येत असले म्हणजे पुरे.

फिरकीची मापे

भोवरा फिरतो तेव्हा त्याच्या फिरण्याला एक माप असते. त्याला शास्त्रीय भाषेत कोनीय संवेग म्हणतात. मी या लेखापुरते त्याला 'फिरकी' म्हणणार आहे. भोवऱ्याची फिरकी हवी तेवढी कमीजास्त करता येते. परंतु अणूच्या आत तसे चालत नाही. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, असे सांगते की तेथे फिरकीची मापे ठरावीकच असू शकतात : शून्य, अर्धा, एक, दीड, दोन, अडीच... आमच्या आजोबांच्या पिढीने निमकी, दिडकी आणि औटकी पाठ केली, ती जणू याच विषयाची तयारी म्हणून!

फिरकीला दिशा असते. एखादी दिशा ठरवून घेतली, की फिरकीचा त्या दिशेने किती भाग आहे हे मोजता येते. त्याला मी 'कल' म्हणेन. कलही ठरावीकच असतात. फिरकी २ असेल तर कल २, १, ०, –१, –२ असे पाचच. फिरकी अर्धा असेल तर कल अर्धा किंवा उणे अर्धा, असे दोनच. सामान्यतः फिरकीची दुप्पट अधिक एक, इतके कल असतात.

आता दोन फिरक्या एकत्र आल्या तर एकूण फिरकी किती? येथे त्रिकोणाचा नियम लागतो. दोन फिरक्या आणि त्यांची बेरीज या तिन्ही लांबींचा त्रिकोण व्हायला हवा (तो अगदी चपटा झाला तरी चालतो), आणि तिघांची बेरीज पूर्णांक हवी. १ आणि १ मिळून ०, १ किंवा २ होतात. याचा ताळा मोजून घेता येतो. फिरकी १ चे कल तीन, म्हणून दोघींच्या मिळून ३ × ३ = ९ अवस्था. उलट बाजूने ०, १ आणि २ या फिरक्यांच्या १ + ३ + ५ = ९. दोन्ही बाजू जुळल्या.

हे सगळे कागदावरचे आहे असे वाटत असेल, तर गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाचे दोन कण टाकून पाहावेत. ज्योत पिवळी होते. तो पिवळा प्रकाश मिठातील सोडियमचा असतो, आणि प्रयोगशाळेत नीट पाहिला तर तो एक रंग नसून अगदी शेजारशेजारचे दोन असतात : एकाची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसऱ्याची ५८९.६. सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनची स्वतःची फिरकी अर्धा. प्रकाश टाकण्यापूर्वी तो ज्या अवस्थेत असतो तिच्यात त्याच्या भ्रमणाची फिरकी एक. त्रिकोणाच्या नियमाने बेरीज दीड किंवा अर्धा. दोन बेरजा, दोन किंचित वेगळ्या ऊर्जा, म्हणून दोन पिवळ्या रेषा. आपल्या स्वयंपाकघरात रोज हा नियम चालू असतो, फक्त आपण तिकडे पाहत नाही.

नऊ घरांचा चौरस

बेरीज किती होईल हे त्रिकोणाने सांगितले. पण त्या बेरजेत कोणाचा वाटा किती? समजा, प्रत्येकी २ माप असलेल्या दोन फिरक्या मिळून पुन्हा २ माप असलेली एकच फिरकी झाली आणि तिचा कल २ आहे. हा कल दोघींमध्ये तीन प्रकारे वाटलेला असू शकतो : २ + ०, १ + १, किंवा ० + २. या तिन्हींच्या शक्यता अनुक्रमे २/७, ३/७ आणि २/७ आहेत. तिन्ही मिळून अर्थातच १.

अशा वाटण्यांचे आकडे ज्या चिन्हाने लिहितात, त्याला 'तीन-जे चिन्ह' म्हणतात. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी त्याला हे सुटसुटीत रूप दिले. वरच्या ओळीत तीन फिरक्या, खालच्या ओळीत त्यांचे तीन कल. आणि तिसरीचा कल उलटा करून लिहायचा, म्हणजे कलांची बेरीज शून्य येते. आपल्या उदाहरणातील मधल्या वाटणीसाठी फिरक्या २, २, २ आणि कल १, १, –२. या चिन्हाच्या किमतीचा वर्ग ३/३५ आहे. त्याला तिसऱ्या फिरकीच्या कलांच्या संख्येने, म्हणजे ५ ने गुणले की ३/७ मिळतात.

या चिन्हाच्या उघड सममिती बारा. तिघींचा क्रम कसाही बदला, तो सहा प्रकारे बदलता येतो. आणि सगळे कल एकदम उलटे करा, हे दोन प्रकार. सहा दुणे बारा. किंमत बदलत नाही. फार तर अधिकची उणे होते. याचे कारणही उघड आहे. तीन वस्तूंपैकी पहिली कोणती म्हणायची आणि वर कोणत्या दिशेला म्हणायचे, हे आपल्या मनावर असते. निसर्गाला त्याचे काय?

१९५८ साली इटलीतील तुरीन शहराचे तरुण शास्त्रज्ञ तुल्यो रेज्जे यांनी 'नूओव्हो चिमेंतो' या नियतकालिकात एक अगदी छोटे टिपण प्रसिद्ध केले. (रेज्जे यांचा जन्म १९३१ चा, मृत्यू २०१४ साली. आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे म्हणजे, त्याच शहरातील लेखक प्रीमो लेव्ही आणि रेज्जे यांच्या संवादाचे पुस्तक १९८४ साली निघाले.) टिपणात त्यांनी एवढेच केले होते, की सहा आकड्यांऐवजी नऊ आकडे चौरसात मांडले. मधल्या ओळीत प्रत्येक फिरकीतून तिचा कल वजा करून लिहायचा, खालच्या ओळीत मिळवून लिहायचा, आणि वरच्या ओळीत इतर दोघींच्या बेरजेतून ती स्वतः वजा करून लिहायची. आपल्या उदाहरणाचा चौरस असा होतो :

२  २  २
१  १  ४
३  ३  ०

कोणतीही आडवी ओळ घ्या, कोणतीही उभी घ्या. बेरीज ६ येते. दिवाळी अंकांत जादूचे चौरस असतात, त्याच जातीचा हा चौरस. आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली 'गणितकौमुदी' लिहिली, तिच्यात 'भद्रगणित' नावाचे एक सबंध प्रकरण अशा चौरसांवर आहे. फरक इतकाच, की येथे आकडे पुन्हा आले तरी चालतात आणि कर्णांची बेरीज पाहायची नसते. बेरीज ६ असलेले असे नऊ घरांचे चौरस एकंदर ४०६ होतात. हे मोजण्याचे सूत्र इंग्रज गणिती मॅकमहॉन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच काढले होते. त्यांना अणूतील फिरकीशी कर्तव्य नव्हते. ते केवळ चौरस मोजत होते.

आता रेज्जे यांचा शोध. उभ्या ओळींची अदलाबदल केली तर किंमत बदलत नाही, हे माहीत होतेच. तो तिघींचा क्रम. खालच्या दोन ओळींची अदलाबदल म्हणजे कल उलटे करणे. पण रेज्जे यांना दिसले, की तिन्ही आडव्या ओळी हव्या तशा बदलल्या तरी चालतात. इतकेच नव्हे, तर आडव्या ओळी उभ्या आणि उभ्या आडव्या केल्या तरी चालतात! उभ्या ओळींचे सहा प्रकार, आडव्यांचे सहा, आणि उभ्याआडव्याचे दोन. ६ × ६ × २ = ७२. सरांचे बहात्तर ते हेच.

आपला चौरस उभा-आडवा करून पाहू :

२  १  ३
२  १  ३
२  ४  ०

यातून फिरक्या परत वाचायच्या तर प्रत्येक उभ्या ओळीतील खालच्या दोन आकड्यांच्या बेरजेची निमपट म्हणजे फिरकी, आणि खालच्यातून मधला वजा करून त्याची निमपट म्हणजे कल. फिरक्या येतात २, अडीच आणि दीड. कल ०, दीड आणि उणे दीड. आता सर्वांत खालची ओळ उचलून वर ठेवा :

२  ४  ०
२  १  ३
२  १  ३

या वेळी फिरक्या २, १, ३ आणि तिन्ही कल शून्य. तिन्ही चिन्हांच्या किमतीचा वर्ग एकच, ३/३५.

वाचकांनी येथे जरा थांबावे. पहिल्या चौरसात तिन्ही फिरक्या सारख्या आणि सगळ्या कललेल्या. शेवटच्यात तिन्ही निरनिराळ्या आणि एकीलाही कल नाही. मधल्यात तर पूर्णांकांचे घर सोडून दीड-अडीचच्या घरात प्रवेश झाला. आणि पदार्थविज्ञानात पूर्ण फिरकीचे आणि अर्ध्या फिरकीचे कण म्हणजे दोन वेगळ्या स्वभावांच्या जाती. वस्तू कशीही फिरवा, आरशात पाहा, नावे बदला, एकीची दुसरी होत नाही. पण आकडा एकच येतो. का?

विग्नर यांचे या विषयावरचे पायाभूत पुस्तक १९३१ चे. म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे जगभरातील शास्त्रज्ञ या आकड्यांची कोष्टके करत होते, सारखे आकडे कोष्टकांत समोरासमोर पडले होते, आणि ते कोणाला दिसले नव्हते. पडताळा घेणे मात्र अवघड नव्हते. सूत्र लिहायचे, पदे इकडची तिकडे करायची, की दोन्ही बाजू सारख्या. पुढे १९७० च्या दशकात मद्रासच्या गणितविज्ञान संस्थेतील के. श्रीनिवास राव यांनी याची फार सुबक मांडणी केली. तीन-जे चिन्ह एका श्रेणीऐवजी सहा श्रेणींच्या संचाने लिहायचे. प्रत्येक श्रेणीत बारा सममिती नुसत्या नजरेने दिसतात, आणि सहा बारे बहात्तर.

हे सगळे मी मैत्रिणीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जुळलं. समजलं कुठे?"

तिघींची बेरीज आणि चार त्रिकोण

तिचे खरे होते. म्हणून मी पुढच्या पायरीकडे वळले.

'जुनी पुस्तके आणि वह्या' असे आपण म्हणतो, तेव्हा वह्याही जुन्या की फक्त पुस्तके? शब्द तेच, पण आधी कोणाची जोडी लावली यावर अर्थ अवलंबून असतो. तीन फिरक्यांचे तसेच आहे. पहिली आणि दुसरी आधी जोडून मग तिसरी मिळवता येते. किंवा दुसरी आणि तिसरी आधी जोडून तिच्यात पहिली मिळवता येते. शेवटची बेरीज तीच, पण वाटा दोन. एका वाटेची अवस्था दुसऱ्या वाटेच्या अवस्थेशी कितपत जुळते, हे सांगणारा आकडा म्हणजे 'सहा-जे चिन्ह'. सहा अशासाठी, की मूळच्या तीन फिरक्या, एक शेवटची बेरीज आणि दोन वाटांवरच्या दोन मधल्या बेरजा, अशी सहा मापे त्यात येतात.

या चिन्हांमागे एक कहाणी आहे. जुलिओ राका हे फ्लॉरेन्सचे. ज्यू असल्यामुळे १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांची इटलीतील प्राध्यापकी गेली, आणि १९३९ साली ते जेरुसलेमला गेले. तेथून १९४२ पासून त्यांनी अणूंच्या वर्णपटांवर जे लेख लिहिले, त्यांत या आकड्यांचे सूत्र आहे. विग्नर स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले होते; पण त्यांचे १९४० चे हस्तलिखित हातोहात फिरत राहिले आणि छापले गेले ते थेट १९६५ साली.

आता सहा मापांत त्रिकोण किती? प्रत्येक जोडणीला एक त्रिकोण लागतो, आणि दोन वाटांवर प्रत्येकी दोन जोडण्या आहेत. म्हणजे चार त्रिकोण; आणि प्रत्येक माप बरोबर दोन त्रिकोणांत येते. सहा कडा, चार त्रिकोणी बाजू, प्रत्येक कड दोन बाजूंना सामाईक : हा तर चतुष्फलक! तीन कोपरे तळाला आणि एक शेंड्याला असलेला, शंकरपाळ्याच्या पिशवीच्या पुडीसारखा घनाकार. त्याचे चार कोपरे चोवीस प्रकारे आपसांत बदलता येतात, म्हणून सहा-जे चिन्हाच्या उघड सममिती चोवीस.

१९५९ साली रेज्जे यांनी पुन्हा तेच केले. या वेळी चोवीसच्या एकशे चव्वेचाळीस झाल्या. त्यांची कृती अशी : चतुष्फलकाच्या समोरासमोरच्या (एकमेकींना न भेटणाऱ्या) दोन कडा तशाच ठेवा. उरलेल्या चार कडांची बेरीज करून तिची निमपट करा, आणि त्या निमपटीतून प्रत्येक कड वजा करून नवी कड लिहा. उदाहरणार्थ, समोरासमोरच्या दोन कडा ३ आणि ३. उरलेल्या २, २, २, ४. यांची बेरीज १०, निमपट ५. नव्या कडा ३, ३, ३, १. म्हणजे २, २, २, ४, ३, ३ या कडांच्या आकाराऐवजी पाच कडा ३ आणि सहावी १ असा आकार. सहा-जे चिन्हाची किंमत दोन्हींची एकच.

सात बेरजा

यातील जुळणी मात्र फार सुंदर आहे. पहिल्या आकाराच्या चार त्रिकोणी बाजूंच्या परिमिती काढा : ७, ७, ९, ९. दुसऱ्याच्या : ३ + ३ + ३ = ९ दोनदा आणि ३ + ३ + १ = ७ दोनदा. तेच आकडे. आता समोरासमोरच्या कडांची एक जोडी सोडून उरलेल्या चार कडांची बेरीज करा. अशा तीन बेरजा होतात. पहिल्याच्या १०, १०, १२. दुसऱ्याच्याही १०, १०, १२. राका यांचे सूत्र उघडून पाहिले तर सहा कडा त्यात सुट्या अशा येतच नाहीत. येतात त्या याच सात बेरजा : चार त्रिकोणांच्या, तीन चौकटींच्या. सूत्राला चारांतली पहिली कोणती आणि तिनांतली पहिली कोणती, याच्याशी काही देणेघेणे नाही. चार बेरजांचे क्रम २४, तीन बेरजांचे क्रम ६; २४ × ६ = १४४. सिद्धता झाली. चार ओळींत.

पण मैत्रिणीचा प्रश्न तसाच होता. पहिला आकार आणि दुसरा आकार यांत सारखे काय आहे? नुसत्या बेरजा?

मोहरीचा प्रयोग

आकडे मोठे होत जातात तेव्हा सहा-जे चिन्ह कसे वागते, याचा विचार विग्नर यांनी केला होता. त्यांच्या अंदाजाने किमतीचा सरासरी वर्ग चतुष्फलकाच्या घनफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९६८ साली पोंझानो आणि रेज्जे यांनी राका यांच्या स्मृतिग्रंथात याचे पूर्ण सूत्र दिले. त्यात घनफळ तर आहेच, शिवाय प्रत्येक कडेपाशी दोन बाजू ज्या कोनात मिळतात तो कोनही आहे. आणखी एक गंमत. पाच कडा ६ आणि सहावी ११ घेतली, तर चारही त्रिकोण व्यवस्थित होतात, पण चतुष्फलक मिटतच नाही. कारण ६ बाजूचे दोन समभुज त्रिकोण एका कडेवर पुस्तकासारखे पूर्ण उघडले, तरी त्यांच्या टोकांतले अंतर १०.४ च्या पुढे जात नाही. असे आकडे मोठे करत गेले, की चिन्हाची किंमत झपाट्याने शून्याकडे जाते. म्हणजे चतुष्फलक ही नुसती लक्षात ठेवण्याची खूण नाही; त्या आकड्याला खरोखरच आकाराची जाणीव आहे.

असे असेल, तर रेज्जे यांच्या अदलाबदलीत घनफळही तेच राहायला हवे. हे वाचले त्या दिवशी मी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेऊन बसले. एका एककाला चार सेंटिमीटर असे प्रमाण धरले. दुसरा आकार सोपा : १२ सेंटिमीटर बाजूचे दोन समभुज त्रिकोण एका कडेवर जोडायचे, आणि त्यांची टोके ४ सेंटिमीटर अंतरावर ठेवून दोन्ही फटी अरुंद त्रिकोणांनी बुजवायच्या. पहिला जरा अवघड : ८, ८, १२ चे दोन त्रिकोण आणि ८, १२, १६ चे दोन. एकेक बाजू उघडी ठेवून मी भोजनगृहातल्या मावशींकडून वाटीभर मोहरी मागून आणली. "फोडणी टाकायची का गं खोलीत?" असे त्यांनी विचारले.

एक आकार बसका आणि वेडावाकडा, दुसरा सुरीच्या पात्यासारखा निमुळता. पृष्ठफळही सारखे नाही. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा साधारण दहा टक्के कागद जास्त लागतो. पहिला काठोकाठ भरला, सपाट केला आणि ती मोहरी दुसऱ्यात ओतली. मैत्रीण पुस्तक बाजूला ठेवून पाहत होती. मोहरी काठापर्यंत आली आणि थांबली. पाचपन्नास दाणे इकडेतिकडे झाले असतील, तेवढा दोष कागदाच्या फुगीरपणाचा. हिशेबाने दोन्हींचे घनफळ एकच, सुमारे ८१.६ घन सेंटिमीटर. (दुसऱ्याचे तोंडी काढता येते. मूळ मापात मधल्या छेदाचे क्षेत्रफळ १.२७५, गुणिले कड ३, भागिले ३.)

ती बराच वेळ दोन्ही आकार हातात घेऊन फिरवत होती. मग म्हणाली, "आता मला वाटतंय की काहीतरी आहे."

का?

समतलात दोन आकृत्यांचे क्षेत्रफळ सारखे असेल, तर एक कातरून तिचे तुकडे जोडून दुसरी करता येते; शिंप्याला हे प्रमेय न सांगताही कळते. घनाकारांत हे नेहमी जमते का, असा प्रश्न हिल्बर्ट यांनी १९०० साली आपल्या प्रसिद्ध यादीत तिसऱ्या क्रमांकावर विचारला. त्यांचे शिष्य मॅक्स डेन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले : नाही. केवळ घनफळ पुरत नाही. कडांच्या लांबी आणि त्यांच्यापाशी होणारे कोन यांच्यापासून बनणारे आणखी एक माप जुळावे लागते. १९६५ साली सिडलर यांनी दाखवले की ही दोन मापे जुळली तर कातरकाम नक्की जमते.

१९९९ साली जस्टिन रॉबर्ट्स यांनी पोंझानो आणि रेज्जे यांच्या सूत्राची काटेकोर सिद्धता दिली, आणि तिच्याच जोडीने असे दाखवले, की रेज्जे यांच्या कृतीने मिळणाऱ्या चतुष्फलकांत घनफळही जुळते आणि डेन यांचे मापही. म्हणजे माझ्या खोलीतला तो बसका आकार जर भरीव लाकडाचा असता, तर त्याचे मोजके सरळ तुकडे करून त्यांतून तो निमुळता आकार बांधता आला असता. दोन्ही आकार एकाच द्रव्याच्या दोन रचना आहेत. १९५८-५९ साली कागदावर जुळलेल्या आकड्यांमागे हे होते. ते दिसायला चाळीस वर्षे लागली.

गोष्ट तेथे संपली नाही. ज्यांचे सगळे कडेचे कोन अंशांत मोजले असता पूर्णांक किंवा अपूर्णांकच येतात, असे चतुष्फलक किती, हा जुना प्रश्न २०२० साली चार गणितींनी सोडवला. असे आकार दोन अनंत कुळांत बसतात आणि त्यांखेरीज सुटे ५९ आहेत. त्या यादीची व्यवस्था लावताना रेज्जे यांचीच अदलाबदल कामाला आली. अणूच्या वर्णपटासाठी निघालेली गोष्ट शुद्ध भूमितीच्या घरी जाऊन बसली.

तर, मैत्रिणीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. जुळणे म्हणजे समजणे नव्हे. तिचे म्हणणे मला मान्य आहे. रेज्जे यांचे टिपण ज्या दिवशी छापले गेले, त्या दिवशी सिद्धता पूर्ण होती. तरी कोणाला काही समजले होते असे म्हणता येणार नाही. पण ते आकडे कोणी जुळवलेच नसते, तर समजून घेण्यासारखे काही आहे, हेही कळले नसते. सत्तावीस वर्षे कोष्टकांत पडून राहिलेला सारखेपणा एका माणसाने नऊ घरांत मांडून दाखवला, म्हणून पुढच्यांना "का?" असे विचारता आले. जुळणी हा प्रश्नाचा शेवट नसून त्याची सुरुवात असते. आम्ही गणितवाले पुष्कळदा तेथेच वही मिटतो, हा आमचा दोष, गणिताचा नव्हे.

मैत्रिणीला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं, पण तुझ्या चौरसाचं काय? चतुष्फलकाचे तुकडे करता येतात. कल असलेल्या तीन फिरक्या आणि कल नसलेल्या तीन फिरक्या यांचे तुकडे कसे करणार?"

मोहरी मावशींना परत केली आहे. दोन्ही पुठ्ठ्याचे आकार अजून आमच्या खिडकीत ठेवलेले आहेत. आणि या वेळी मी वही मिटलेली नाही.